परवाचा पारवा

बंबमावशी चिडली आहे हे ओळखायची एकच खूण होती. तिचा आवाज गोड व्हायचा.

बाकीची माणसं चिडली की ओरडतात, भांडी आदळतात, दारं आपटतात. हिचं सगळं उलटं. एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली बाई. पलीकडून कुणी रडो, शिव्या घालो, की डॉक्टर जागेवर नाहीत म्हणून हिच्या नावाने बोटं मोडो, ही आपली म्हणणार, "थांबा हं, जोडून देते. लाइनवर राहा." त्या 'हं'मध्ये इतकं लोणी असायचं की शिव्या घालणारा मधेच थांबून सॉरी म्हणायचा. पण तोच आवाज घरात ऐकू आला की समजायचं, कुणाची तरी धडगत नाही. भाचरं तर लगेच चपला शोधायला लागायची.

बंब हे नाव भाचरांनीच ठेवलेलं. ते आग विझवणाऱ्या बंबावरून की पाणी तापवणाऱ्या, यावर घरात दोन पक्ष होते. तिच्या नवऱ्याने कधी कुठलाच पक्ष घेतला नाही. "बघू की," ते म्हणायचे, "परवा ठरवू."

म्हणून ते परवाकाका.

नळ गळतोय? परवा. गिझर झटके देतोय? परवा. आपल्या भाषेत परवा मागचाही असतो आणि पुढचाही, ही सोय जणू काकांसाठीच करून ठेवलेली. "अहो, तुम्ही वायरमनला फोन करणार होतात ना?" "परवा म्हणालो ना तुला, परवा करतो." यातला कुठला परवा होऊन गेला आणि कुठला अजून यायचा आहे, हे काकांनाही सांगता आलं नसतं. उभी हयात विमा कचेरीत, लोकांचे अर्ज पुढच्या टेबलावर सरकवण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर पुढचं टेबल राहिलं नव्हतं, सरकवायची सवय तेवढी राहिली होती.

तर अशा या दोघांच्या घरात एक जास्तीची खोली होती. मुलगा नोकरीसाठी लांब गेला आणि त्याची खोली जास्तीची झाली. मग तिथे एक एक जिन्नस येऊन पडत गेला. व्यायामाची सायकल, जिच्यावर फक्त टॉवेल वाळले. काकांच्या बहिणीची, म्हणजे वन्संची, कायम मुक्कामाची सुटकेस. इस्त्रीचं टेबल. एक लाकडी कपाट, गडद तपकिरी. आणि दोन दारं, एक बाहेर पॅसेजमध्ये उघडणारं, एक आतल्या बाथरूमचं. गॅलरीच्या गजांना मारलेला करडा ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता, तो वाया जाऊ नये म्हणून काकांनी एका दुपारी या दोन्ही दारांना आणि त्यांच्या चौकटींना फासून टाकला. काकांच्या आयुष्यात त्याच दिवशी केलेलं ते एकमेव काम, आणि पुढे तेच नडलं.

खोलीला रंग द्यायचं निघालं ते अप्पांमुळे.

अप्पा म्हणजे बंबमावशीचे वडील. नगरपालिकेत रस्त्यावर पट्टे मारायच्या कामावर होते. चौकातले पांढरे आडवे पट्टे, मधली पिवळी रेघ, शाळेपुढचं 'हळू', सगळं त्यांच्या हातचं. लहानपणी बंबमावशीला हात धरून रस्ता ओलांडताना ते म्हणायचे, "बिनधास्त चल. पट्टा आपला आहे." आता वय एक्याऐंशी, आणि डोळ्यांत धुकं उतरलेलं. गडद आणि उजळ एवढंच कळायचं, मधलं सगळं एकमेकांत मिसळून जायचं. राहायला दादाकडे होते, बसने पाच तासांवर.

दादा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. त्याचं प्रत्येक वाक्य 'हे बघ'ने सुरू व्हायचं, आणि बापाला दिसेनासं झालं तरी त्यात त्याला काही खटकत नव्हतं.

"हे बघ," दादा फोनवर म्हणाला, "प्रॅक्टिकल विचार कर. या महिन्यात ते दोनदा कपाटात शिरले, बाथरूम समजून. एकदा कपाळाला खोक. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. मी इथल्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आणलाय. भरून ठेवलाय. नुसती सही राहिलीय."

"माझ्याकडे खोली आहे," बंबमावशी म्हणाली.

"ती? ती जास्तीची?"

"हो. जास्तीच्या माणसाला जास्तीची खोली."

दादाला टोमणा लागला की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "हे बघ, हवं तर ने. पंधरा दिवस बघू. पण एकदा जरी पडले, धडकले, तर मी सही करणार. मग रडारड नको."

"नाही हं, अजिबात रडणार नाही," बंबमावशी म्हणाली, इतक्या गोड आवाजात की शेजारी पेपर वाचत बसलेले काका पेपरासकट उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने बोर्डावरून डोळ्यांच्या डॉक्टरांना एक फोन जोडून दिला आणि तो संपल्यावर स्वतःच त्यांना धरलं. डॉक्टर म्हणाले, "भिंत आणि दार एका रंगाचं ठेवू नका, बाकी काही नाही. फरक दिसला पाहिजे. दार कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते त्यांना लांबून कळलं, तर ते चालतील. नाहीतर चाचपत बसतील." एवढं साधं होतं ते. दारं करडी होतीच, भिंत पिवळी करायची. बंबमावशीने शेडकार्ड आणलं, खिडकीत धरून पाहिलं, पिवळ्यातला एक नंबर ठरवला, नमुन्याचा एक लिटरचा डबा आणला आणि भिंतीवर वहीच्या पानाएवढा तुकडा मारून ठेवला. तीन मीटरवरून, डोळे बारीक करून बघितलं. दिसत होता. नंबर एका कागदावर लिहून तो कपाटाला चिकटवला.

संपायला हवं होतं की नाही हे इथे? पण वन्संचा व्हिडिओ कॉल आला.

"मला काय," वन्सं म्हणाल्या, "मी आपली वर्षातून दोनदा येणारी पाहुणी. तुमचं घर, तुमच्या भिंती. पण पिवळा? झोपेतून उठल्यावर माणसाला वाटेल आपल्याला कावीळ झाली. मी बाई सुचवते एखादा शांत रंग. विचार करून कळवते हं दादाला."

हा दादा म्हणजे काका. ते मान डोलावत होते.

"अहो, ही खोली अप्पांसाठी रंगवतोय आपण," बंबमावशी म्हणाली.

"हो, पण तिचंही एकदा ऐकून घेऊ. परवापर्यंत कळवेल ती."

"रंगारी उद्या फोन करणार आहे. शुक्रवारी आपण अप्पांना आणायला जातोय, रविवारी परत. तेवढ्यात त्याला काम उरकायचंय. मी ड्यूटीवर असेन. नंबर कपाटावर लावलाय. वाचून दाखवायचा, बस. वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं की."

पुढे काय झालं ते बंबमावशीला रविवारी दुपारी कळलं.

अप्पांना खांद्याला धरून, दुसऱ्या हातात त्यांची पिशवी घेऊन ती तीन जिने चढली. काका मागे बॅगा घेऊन. तिने जास्तीच्या खोलीचा दिवा लावला, अप्पांना मुलाच्या जुन्या पलंगावर बसवलं, वर पाहिलं आणि तिला खोली सापडेना. म्हणजे भिंती होत्या, चारही, छान भेगांत लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, गुळगुळीत. आणि चारही करड्या. कबुतराच्या पाठीसारख्या. त्या करड्यात करडी दारं अशी विरघळून गेली होती की बाथरूम कुठे आहे हे, डोळे शाबूत असलेल्या तिला, कडी बघून शोधावं लागलं. दिसत होतं ते एकच, मधोमध उभं असलेलं तपकिरी कपाट.

"अहो," ती म्हणाली, "जरा इकडे येता का हं?"

काका आले, आणि 'हं' ऐकून दारातच थांबले.

"कुठला रंग सांगितलात तुम्ही?"

"मी कुठे सांगितला? तिचा फोन आला नव्हता ना अजून. मी त्याला म्हटलं, परवा."

बंबमावशीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"नमस्कार मॅडम," रंगारी आनंदात म्हणाला. "कसं वाटलं काम? दोन हात मारलेत. टेन्शनच नको."

"काम सुंदर आहे हं. फक्त एक सांगा. रंग कुणी सांगितला?"

"साहेबांनी. मी विचारलं, साहेब, कलर कुठला? साहेब म्हणाले, पारवा. मी म्हटलं, पारवा? नक्की ना? कारण काय आहे ना मॅडम, पारवा कुणी मागत नाही आजकाल, लोक ग्रे म्हणतात. साहेब म्हणाले, हो हो, नक्की. मी म्हटलं, जुनी माणसं आहेत, शब्द माहीत आहेत."

"आणि तो पिवळा तुकडा? कपाटावरचा कागद?"

"तो बघितला ना मी. म्हटलं नापसंत केलेला असणार. नाहीतर साहेब पारवा कशाला म्हणतील? दारांचंही विचारलं होतं. साहेब म्हणाले, ती राहू द्या सध्या."

एकतीस वर्षं. एकतीस वर्षांत या बाईने सतरा आणि सत्तर यांत कधी गल्लत केली नव्हती. खोकत, हुंदके देत, बसच्या आवाजात, दातांचा सेट काढून बोलणाऱ्या माणसांची नावं तिने एका ऐकण्यात बरोबर पकडली होती. आणि तिच्याच घरात, तिच्याच फोनवर, तिच्याच नवऱ्याच्या शब्दाला एक जास्तीचा काना चिकटला होता.

"परत कधी येता, रंग बदलायला?"

"आता मॅडम, उद्यापासून शाळेचं काम धरलंय. तीन आठवडे तरी..."

"बरं हं. ठेवते."

तिने फोन ठेवला. काका म्हणाले, "तसा वाईट नाही दिसत गं. शांत वाटतो. आणि सध्या राहू दे, आपण असं करू, परवा..."

शब्द तोंडातून निघाला आणि काकांनाही तो ऐकू आला. बंबमावशी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. मुलाच्या शाळेचा फॉर्म परवावर गेला आणि मुदत संपली. ती बोर्डावर मुख्य होणार होती त्या गावाला बदली घ्यायची की नाही, हे परवावर गेलं आणि ती खुर्ची दुसरीला मिळाली. तिची आई आजारी होती, निघायचं आज की परवा. परवा निघाले. तोवर उशीर झाला होता. हे सगळं तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि आता ते सगळे परवे घट्ट होऊन, दोन हात मारून, चारही भिंतींवर बसले होते.

मागून कपाटाचं दार करकरलं.

अप्पा पलंगावरून उठले होते. धुक्यात त्यांना एकच गडद चौकोन दिसला होता आणि ते सरळ त्याच्याकडे गेले होते. दार उघडून, एक पाय आत टाकून, लटकवलेल्या चादरींमध्ये हात फिरवत ते विचारत होते, "नळ कुठल्या अंगाला आहे गं?"

बंबमावशीने त्यांना धरून बाहेर काढलं. धडक लागली नव्हती. पण कपाटाची कड त्यांच्या कपाळापासून चार बोटांवर होती, आणि बाथरूमचं दार उघडलं की आत लगेच एक पायरी खाली होती. पंधरा दिवसांतला हा पहिला तास.

"अप्पा, हे कपाट आहे."

"तरी म्हटलं इतकं कोरडं कसं." ते हसायला बघत होते. "चुकलं माझं. दादाला नको सांगू."

नको सांगू म्हणाले, आणि बंबमावशीच्या आवाजातला गोडवा संपला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली, आणि आवाज असा फाटका, खरखरीत निघाला की काकांनी हातातली बॅग खाली ठेवली. "चुकलंय आमचं. एकाला सही करायची घाई, दुसऱ्याला कशाचीच नाही. एकीला कावीळ होते. माणसाला दार दिसावं, एवढंच मागितलं होतं मी. महाल मागितला नव्हता. दार."

मग अप्पांनी विचारलं, "भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पारवा."

"परवा? मग आज काय आहे?"

"परवा नाही हो अप्पा. पारवा. पारवा रंग. ग्रे." ती आता खरंच ओरडली.

"अच्छा, पारवा." अप्पांनी भिंतीवर तळवा टेकवला, खालीवर फिरवला. "म्हणजे जुनं डांबर. डांबर नवं असतं तेव्हा काळं असतं, उन्हाने दोन वर्षांत पारवं होतं. आणि फरशी?"

"तशीच. करडी."

"आणि पिवळा आहे म्हणालीस, बसमध्ये. डबा?"

"नमुन्याचा. लिटरभर. थोडा वापरलाय."

"मग रडतेस कशाला? रस्ता तयार आहे. पट्टा मारायचा राहिलाय."

बंबमावशी म्हणाली, मी रडत नाहीये. अप्पा म्हणाले, बरं. दोरी आण, खडू आण, चिकटपट्टी आण, रुंद ब्रश आण. पलंगावर बसून ते हुकूम सोडत होते आणि आवाज एकदम चाळीस वर्षं मागे गेला होता, चौकात उभं राहून गाड्या अडवणाऱ्या माणसाचा.

"दोरीचं एक टोक कोण धरणार?"

"हे धरतील," बंबमावशी म्हणाली. "आज."

काका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोरी धरली. खडू लावलेली दोरी ताणून सोडली की फरशीवर सरळ पांढरी रेघ उमटायची. पलंगापासून बाथरूमपर्यंत दोन समांतर रेघा. मावशीने मधलं अंतर चार बोटं घेतलं तर अप्पा म्हणाले, "वीतभर घे. चार बोटांचा पट्टा तरण्या ड्रायव्हरला दिसत नाही, मला काय दिसणार." मग दोन्ही दारांच्या चौकटी. मग बाथरूमच्या दारापुढे, पायरी येते म्हणून, पाच आडवे पट्टे.

ती मारत होती तशी तिच्या मनगटात जोर येत होता. ब्रश फरशीवर आपटत होता, थेंब उडत होते.

"रागात मारू नकोस," अप्पा म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. "कडा फाटतात."

"मग कशात मारू? माझ्याकडे दुसरं काही नाही."

अप्पांनी मूठ आवळून दाखवली. "मग राग मुठीत ठेव. ब्रशच्या केसांत उतरू देऊ नकोस. मीही तेच करायचो. त्या पालिकेत काय, प्रेमाने पट्टे मारायचो होय मी?"

काका हसले. बंबमावशीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हसू आवरून दोरी ताणली.

संध्याकाळी रंग वाळला. अप्पा उठले. पलंगाच्या पायथ्याशी थांबले, मान खाली घालून फरशीकडे बघत. मग पिवळ्यावर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला आणि भिंतीला हात न लावता, छाती काढून, पट्ट्यावरून चालत गेले. आडव्या पट्ट्यांशी थांबले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, सवयीनेच, आणि पायरी उतरून आत गेले. कडीही आतून लावली.

"हा भिंतीचा रंग आहे," आतून आवाज आला, "फरशीवर महिनाभर टिकेल. नंतर रस्त्याचा मागवू."

इथे बंबमावशीचा राग जायला हवा होता. गेला नाही. उलट वाढला, कारण भिंती पिवळ्या असत्या तर हा पट्टा कुणाला सुचलाच नसता. तो सुचला पारव्यामुळे, आणि पारवा आला काकांच्या परवामुळे. म्हणजे त्या परवाचं चांगभलं झालं होतं, आणि हे तिला सहन होत नव्हतं. त्यात आठवड्याने शेजारी खोली बघायला आले तेव्हा काका त्यांना सांगताना तिने स्वतः ऐकलं, "मी रंगाऱ्याला स्पष्टच सांगितलं होतं, पारवाच दे. माझा अंदाज होता." त्या दिवशी घरात जो गोड आवाज घुमला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला म्हणतात. दुसऱ्या दिवशी गळका नळ दुरुस्त झाला. गिझरसुद्धा.

वन्संनी व्हिडिओ कॉलवर फरशी बघितली आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा काय रस्ता केलाय घरात? आणि माझी सुटकेस कुठाय?"

"फुटपाथवर आहे हं," बंबमावशी म्हणाली.

पंधराव्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. अप्पा तेव्हा पलंगावरून उठून टॉवेल खांद्यावर टाकत होते. तिने फोन उचलला.

"हे बघ," दादा म्हणाला, "पंधरा दिवस झाले. खरं सांग. किती वेळा पडले? फॉर्म माझ्यासमोरच आहे. त्यांना दे जरा, मी बोलतो."

बंबमावशीने मोबाइल कानाशी नीट धरला. खुर्ची मागे सरकवून ताठ बसली, बोर्डावर बसायची तशी. आवाजात एकतीस वर्षांचं सगळं लोणी ओतलं.

"थांबा हं, लाइनवर राहा. अप्पा रस्ता ओलांडताहेत."

आणि मोबाइल इस्त्रीच्या टेबलावर उताणा ठेवून ती दारात जाऊन उभी राहिली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. टेबलावरून दादा हॅलो, हॅलो म्हणत होता. किती वेळ म्हणत होता, ते तिने बघितलं नाही.